बिवळपाड्याची लाटणी आणि मूठभर माती

सोमवारी सकाळी एकलहऱ्याहून निघाले, तेव्हा वडिलांनी माझी पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाले, "कपडे कमी, कागद जास्त. म्हणजे बरोबर भरली आहेस."

त्यांचं आयुष्य कामगार संघटनेची पत्रकं लिहिण्यात, छापून आणण्यात आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या गेटवर वाटण्यात गेलं. उरलेली पत्रकं घरी यायची. मी बाराखडी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. पुढे छापलेली बाजूही वाचता यायला लागली आणि मग सुटका उरली नाही. आमच्या घरात कुठे अन्याय दिसला की आवाज चढत नाही, मथळा सुचतो.

या वेळी तर मथळा निघण्याआधीच तयार होता. पेठ तालुक्यातल्या बिवळपाडा नावाच्या वस्तीत टाकाऊ लाकडापासून कारखान्यासाठी इंधन बनवतात, अशी बातमी मी मोबाईलवर वाचली होती. बातमीत 'हरित' हा शब्द ओळीओळीला होता आणि वस्तीतल्या एकाही माणसाचं नाव नव्हतं. मी वहीत लिहून टाकलं: 'जंगल आमचं, वाफ त्यांची'. खाली अर्धं पान कोरं सोडलं. तिथे गेल्यावर पुरावे भरायचे होते.

ओळखीच्या एका शिक्षकाकडून वस्तीच्या वनहक्क समितीच्या सचिव हिराबाई यांचा नंबर मिळाला होता. फोनवर मी माझा उद्देश जरा लांबवून सांगितला. त्या ऐकून म्हणाल्या, "ये की. पण कामाच्या दिवसांत ये, म्हंजे तुजे हात पण लागतील."

नाशिकच्या मुख्य स्टँडवर, सीबीएसवर, पेठची बस वेळेवर लागली, हीच पहिली नवलाची गोष्ट. शहर मागे पडलं, उजव्या हाताला रामशेज किल्ला आला, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागांच्या तारा सुरू झाल्या. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर गाठोडं आणि गाठोड्यावर कोंबडी घेऊन बसली होती. कोंबडी माझ्याकडे संशयाने बघत होती.

"कुठून येताय, मावशी?"

"बागंतून. धाकटीला ताप आला म्हनून घरी चाल्ले. बाकीची समदी तिकडंच हायेत."

"किती दिवस असता बागेत?"

"दिवाळी झाली का जायाचं, उन्हाळ्यात यायचं. घराला कुलूप नाय लावत आमी. न्यायला हाय काय आत?" असं म्हणून ती हसली. मला हसता आलं नाही, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

सावळघाटात हवा बदलली. डोंगर अजून हिरवे होते, पण गवताचे शेंडे पिवळे पडायला लागले होते, आणि वळणावळणावर भात झोडपून झालेली खळी दिसत होती. करंजाळीला उतरून मी गरम भजी खाल्ली. मग एका जीपच्या मागच्या फळीवर अकरावी प्रवासी म्हणून बसले. फाट्यावर उतरल्यावर अर्ध्या तासाची चाल होती. ड्रायव्हरने "सरळच हाय वाट" असं सांगितलं होतं. ती वाट तीनदा ओढा ओलांडून, एकदा कुणाच्या तरी अंगणातून आणि शेवटी एका म्हशीच्या अगदी जवळून गेली.

बिवळपाडा म्हणजे एका उतारावरची कुडाची आणि काही विटांची घरं, मधोमध एक जुनं बिवळ्याचं झाड, आणि झाडामागे पत्र्याचा शेड. शेडमधून कुणीतरी मोठ्याने घसा साफ करत असल्यासारखा आवाज येत होता. तेच ते यंत्र. खरं तर दोन यंत्रं होती. एक फांद्यांचा भुगा करतं, दुसरं तो भुगा जोरात दाबून मनगटाएवढ्या जाडीच्या कांड्या बाहेर ढकलतं. बाजारात याला पांढरा कोळसा म्हणतात. तो पांढराही नसतो आणि कोळसाही नसतो. पाड्यात त्याला लाटणी म्हणतात, आणि पाहिल्यावर दुसरं नाव सुचत नाही.

हिराबाई भुग्याने माखलेल्या होत्या. चाळिशीच्या असाव्यात. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. त्यांनी माझी पिशवी घेतली, वजन पाहिलं आणि विचारलं, "कागद?"

"कागद."

"सुनंदे, ही पत्रकवाली ताई आली बघ." सुनंदा ही त्यांची मुलगी, दहावीत. तेव्हापासून मी तिथे पत्रकवालीच राहिले.

जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी होती. ही चटणी दिसायला वंगणासारखी काळी असते. पहिला घास मी पाहुणी म्हणून खाल्ला आणि तिसरी भाकरी मागून घेतली. समोर हिराबाईंचा नवरा सोमनाथ जेवत होता. तो यंत्र चालवतो. त्यांची सासू जनाबाई चुलीपाशी बसून माझ्या भाकऱ्या मोजत होती, असा मला संशय आला. तो खरा निघाला.

"तीन खाल्ल्या," ती सुनेला म्हणाली. "शहरातली असून बरी आहा." (बरी आहे.)

मग मी वही उघडली आणि हिराबाईंनी सगळं सांगितलं.

दिंडोरीकडे टोमॅटोचा सॉस बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या बॉयलरला आजवर दगडी कोळसा लागायचा. आता त्यांना लाटणी हवी आहेत. पूर्ण हंगामाचं काम द्यायला ते तयार आहेत, पण आधी नमुना जाळून बघणार. पहिला नमुना परत आला. बॉयलर सांभाळणारे निकम म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी निरोप दिला: राख फार पडते आणि जाळीवर खडे धरतात. पाड्याने शेडमध्ये बसून एकेक खडा वेचला आणि दुसरा नमुना पाठवला. त्याचा निकाल यायचा होता. तिसऱ्या नमुन्यानंतर कारखाना दुसरीकडे बघणार होता.

"आणि शुक्रवारी मुकादमाची गाडी येनार," हिराबाई म्हणाल्या. "द्राक्षाच्या बागांना माणसं न्यायला. दर साली नावं मीच लिहून देत होते. या साली सभेत उभी राहून बोलले, कोनी जायचं नाय, हितंच काम हाय. समद्यांनी ऐकलं. आता लाटणी नाय चालली तर मलाच नावं लिवायची."

सुनंदाने वहीतून डोकं वर काढलं नाही. गेल्या वर्षी ती बागेत धाकट्या भावंडांना सांभाळायला गेली होती आणि दुसऱ्या सत्रातली बरीच शाळा बुडाली होती. यंदा दहावी. हे तिने नाही, जनाबाईने सांगितलं.

सोमनाथने फडक्यात बांधलेली परत आलेली राख मला दाखवली. एकलहऱ्याच्या पोरीला राख ओळखता येते. आमच्याकडची कोळशाची राख बोटांत चोळली तर अंगाला लावायच्या पावडरीसारखी लागते. ही राख दाताखाली आलेल्या वाळूसारखी करकरली, आणि तिच्यात काचेसारखे वितळून थिजलेले गोळे होते. मी मान हलवून म्हणाले, "लाकडाची राख अशी नसते. त्यांची जाळीच खराब असणार." वहीतल्या कोऱ्या अर्ध्या पानावर पहिला पुरावा लिहिला.

मंगळवारी सकाळी जंगलात गेलो. मी बुंधे शोधत होते. नुकती तोडलेली झाडं सापडली की माझं काम सोपं होणार होतं. हिराबाईंना ते लगेच कळलं, पण त्यांनी मला मनसोक्त शोधू दिलं.

तिथला नियम साधा आहे. जंगलात कोयता न्यायचा, कुऱ्हाड नाही. कोयत्याच्या दोन घावांत जे तुटतं तेवढंच आणायचं. म्हणजे वाळून पडलेल्या फांद्या, किडीने पोखरलेलं लाकूड, आणि मुख्य म्हणजे घाणेरी. ही रंगीबेरंगी फुलांची झुडपं तुम्ही रस्त्याकडेला पाहिली असतील. इथे तिने डोंगरच्या डोंगर गिळले आहेत. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, बकरी तिला तोंड लावत नाही, रानभाजीला गेलेली बाई ओरबाडून परत येते. जिथे पाड्याने ती उपटून काढली होती तिथे गुडघाभर गवत होतं, आणि गवतात ऐनाची आणि बिवळ्याची बोटभर रोपं. कुणी लावलेली नव्हती. उजेड मिळाला म्हणून आली होती.

शेवटी मला एक मोठा बुंधा सापडला. मी विजयी मुद्रेने त्यावर हात ठेवला. "हे काय?"

हिराबाईंनी पदराने घाम पुसला. "हा साग माज्या सासऱ्याच्या बापाच्या वक्ताला ठेकेदारानं नेला. तवा कोनी पत्रक काढलं नव्हतं वाटतं."

बाकीच्या बायका हसल्या. मी बुंध्यावरचा हात काढला आणि तोल सावरायला शेजारची वेल धरली. वेलीला मखमलीसारख्या सोनेरी शेंगा होत्या, सुंदर दिसत होत्या, म्हणून मी दोन तोडूनही पाहिल्या.

ती खाजकुइली होती.

पुढच्या तासाभराचं वर्णन मी करणार नाही. हात, मान आणि का कोण जाणे एक कान, इतकं पेटलं की सगळ्या भूमिका विसरले. जनाबाईने मला ओढ्यावर नेलं, दोन्ही हातांना ताजं शेण थापलं आणि ते वाळेपर्यंत बसवून ठेवलं. "लय आग हाय हिच्यात," ती इतर बायकांना म्हणाली. "आता भायेरून पण लागली."

दुपारी परत आलो तर सोमनाथ शेडच्या दारात बसला होता. यंत्र बंद होतं. निकमांचा फोन येऊन गेला होता. दुसरा नमुनाही नापास. तेच कारण: राख आणि खडे. तिसरा गुरुवारी आणा, म्हणाले.

"एक खडा नव्हता," सोमनाथ म्हणाला. "मी सोता चाळला भुगा."

मला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. गरजू लोक, शुक्रवारची गाडी, आणि दोनदा कारण नसताना परत पाठवलेला माल. भाव पाडायची ही जुनी युक्ती वडिलांच्या किती पत्रकांत मी वाचली होती. शेणाचे हात धुतले आणि लिहायला बसले. खाज सुटत होती, त्यामुळे वाक्यंही चांगली उतरली.

दिवेलागणीला बिवळ्याखाली पाडा जमला आणि मी पत्रक वाचून दाखवलं. 'जंगल आमचं, वाफ त्यांची'पासून सुरुवात, मध्ये कारखान्याच्या कारस्थानाची चिरफाड, शेवटी गुरुवारी कारखान्याच्या दारात बसण्याची हाक. लोकांनी मन लावून ऐकलं. एक म्हातारा म्हणाला, "रेडिओवानी वाचते."

हिराबाईंनी कागद हातात घेऊन पुन्हा पाहिला. "चांगलं लिवलं," त्या म्हणाल्या. "पन ताई, दारात बसलो आनि त्यांनी दार लावून घेतलं, तर शुक्रवारी मी काय करू?"

"लढल्याशिवाय काही मिळत नाही, हिराबाई."

"लढाय मी कधी नाय म्हनले? हे रान आमच्या नावावर व्हायला दहा वेळा नाशिकला पायी गेलो आमी. पन तवा आमाला म्हाईत होतं का रान आमचं हाय. आता मला म्हाईत नाय का राख कोनाची हाय."

मला हे बोलणं त्या वेळी कच्चं वाटलं. मी मनात म्हटलं, उद्या छापील प्रती हातात पडल्या की धीर येईल.

बुधवारी पहाटेच्या जीपने करंजाळीला गेले. झेरॉक्सच्या दुकानदाराने यंत्र तापेपर्यंत पूर्ण पत्रक वाचून काढलं.

"ताई, हितं 'लूट' दोनदा आलंय."

"मुद्दाम आहे."

"मग ठीक. चाळीस?"

"चाळीस."

दहाच्या सुमारास परत पाड्यात शिरले तेव्हा प्रती अजून कोमट होत्या. शेडमागच्या मोकळ्या जागेत आदल्या दिवशी आणलेली घाणेरी आणि फांद्या वाळत ठेवल्या होत्या. कमरेएवढे ढीग, ओळीने. जनाबाई टोपली कमरेवर घेऊन ढिगांमधून फिरत होती आणि मूठ मूठ काहीतरी टाकत होती. कोंबड्यांना दाणे टाकावेत तितक्या सहज. एका ढिगावर टाकून झालं की वरून तळहाताने थापायची आणि पुढे जायची.

मी जवळ गेले. टोपलीत माती होती. बारीक, चाळलेली, स्वच्छ माती. तिच्यात एकही खडा नव्हता.

"आजी, हे काय करताय?"

"माती टाकते."

"कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी 'भात का शिजवता' असं विचारलं होतं. "वाऱ्यानं उडंल ना पाला. कवळावर माती टाकायचीच असते."

आता थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे नाशिक शहरात राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. या डोंगरात भाताचं आणि नागलीचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या आणि पाला आणून (यालाच कवळ म्हणतात) शेणावर पसरतात, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मातीमुळे वारा पाला उडवत नाही आणि आग भडकत नाही, हळूहळू धुमसत खाली जाते. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायकांच्या हाताला हेच वळण आहे. फांद्यांचा ढीग दिसला की हात मातीकडे जातो. माती जितकी बारीक तितकी बाई कामाची.

ती बारीक माती फांद्यांच्या सालीत आणि घाणेरीच्या पानांच्या लवेत बसत होती. यंत्रात भुग्याबरोबर दळली जात होती. चाळणीतून सहज खाली उतरत होती. आणि बॉयलरच्या जाळावर वितळून काचेसारखी थिजत होती.

मी हिराबाईंना हाक मारली. त्या कोयता घेऊन आल्या. मी ढिगातली एक फांदी उचलून झाडली. माझ्या चपलेवर मातीचा सडा पडला.

हिराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग सासूच्या टोपलीकडे. मग स्वतःच्या हातांकडे. तशाच खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या.

"काल समद्या ढिगांवर मीच टाकली," त्या म्हणाल्या. "तू पत्रक लिवत होती ना, तवा. दर खेपंला मीच. आनि वर बसून खडे वेचत होते."

सोमनाथ आला, इतर बायका आल्या. प्रत्येकीने टाकली होती. कुणाला आठवत नव्हतं, कारण कुणी ते 'काम' म्हणून केलंच नव्हतं. पण जनाबाई हसली नाही. तिने टोपली खाली ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून ओट्यावर जाऊन बसली.

"म्हंजे मीच घालवलं," ती भिंतीला म्हणाली.

हिराबाई तिच्याजवळ गेल्या. "आत्या, ज्या बाईनं मला माती टाकायला शिकवली ती तुमीच. आता झाडायला पन तुमीच शिकवा. सूप तुमच्यावानी कोनाला धरता येतं?"

थोड्या वेळाने जनाबाई उठली.

चाळीस कोमट प्रती मी पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली दडपल्या. कुणी विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

तो मी आजवर काढलेला सगळ्यात धुळीचा दिवस होता. पाड्यातली सगळी माणसं कामाला लागली. फांद्या दगडावर आपटून झाडल्या, पाला सुपांनी पाखडला. जनाबाई ओळीने बसलेल्या बायकांमधून फिरत होती आणि हलकं पाखडणाऱ्यांच्या पाठीत बोटं टोचत होती. माझ्या पाठीत सगळ्यात जास्त वेळा टोचली. पुरुषांनी राखणीच्या माळ्यांचे बांबू सोडवून आणले आणि जमिनीपासून हातभर उंच मांडव बांधले, म्हणजे वाळवण मातीवर टेकणार नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून जुनी मासे पकडायची जाळी टाकली. ही कल्पना सुनंदाची. वीज दुपारी आली. संध्याकाळपर्यंत, आधीच वाळलेल्या मालातून, एक पोतं लाटणी तयार झाली. दिसायला अगदी आधीसारखीच.

गुरुवारी पिकअपने दिंडोरीकडे निघालो. पुढे सोमनाथ आणि ड्रायव्हर, मागे पोत्यावर हिराबाई, मी आणि जनाबाई. तिला यायचंच होतं. "कोनती आग हाय ती, मातीला नाय म्हनते, ते बघू दे," ती म्हणाली. वाटेत बागांमध्ये छाटणीची माणसं दिसत होती. हिराबाई त्या बाजूला बघत नव्हत्या.

निकम म्हणजे मी पत्रकात ज्यांना 'भांडवलाचा पहारेकरी' म्हटलं होतं, ते. टक्कल, ढगळ खाकी शर्ट, कानात कापूस. बॉयलरच्या दारातून आम्हाला बघून ते म्हणाले, "आलात? मला वाटलं रागावून येणारच नाही. मॅनेजरसाहेबांना मी सांगून ठेवलंय, या बायकांना एक संधी अजून द्या, माल जळतो फार छान, फक्त कुठून तरी माती येते का बघा. मी फोनवर सांगितलं होतं ना?"

"तुमी 'खडे' बोललात, दादा," हिराबाई म्हणाल्या.

"अहो, खडे शेवटी होतात. आधी मातीच असते."

त्यांनी अंगणातल्या लोखंडी शेगडीत चार लाटणी रचली. मग खिसे चाचपले, इकडे तिकडे पाहिलं. "पेटवायला कागद आहे का कुणाकडे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीत कागदाशिवाय काय होतं?

मी तळाच्या गठ्ठ्यातली वरची प्रत काढून दिली. निकमांनी ती गोळा करायच्या आधी चष्मा लावला. बॉयलरचा माणूस, हाती आलेलं काहीही आधी तपासणारच. ते शांतपणे शेवटपर्यंत वाचत गेले. माझ्या कानाला पुन्हा खाज सुटली.

"हे माझ्याबद्दल आहे का?"

"हो," मी म्हणाले. "चुकीचं आहे. मला काल कळलं."

"हं." त्यांनी कागद चुरगळला. "लिहिलंय जोरात. दमट नाही ना?"

"नाही."

"मग झालं." काडी ओढली.

लाटणं पूर्ण जळायला वेळ लागतो. आम्ही चहा प्यायलो. जनाबाई शेगडीशेजारी उकिडवी बसली आणि आग कशी लावावी यावर निकमांना तिने बरंच काही सांगितलं. तेही ऐकत होते. हिराबाई चहा न पिता कप हातात धरून होत्या. शेवटी निखारे विझले. निकमांनी राख लोखंडी पत्र्यावर घेतली, सळईने पसरली, चिमटीत धरली. तागडीत टाकली, वाकून पाहिलं.

मला राहवलं नाही. मीही चिमूटभर घेतली आणि बोटांत चोळली. मऊ होती. अगदी पिठासारखी.

"गाडी भरा," निकम म्हणाले. "सोमवारी पहिली खेप आणा. आणि ते बांबूचे मांडव मोडू नका."

हिराबाईंनी कप खाली ठेवला आणि फोन लावला. पलीकडे सुनंदा होती. "मुकादमाचा फोन आला तर सांग, बिवळपाड्याची नावं नायत. कोनीच नाय." मग थोडं ऐकून, "हो, तू पन नाय." त्यांनी फोन ठेवला आणि मग चहा मागितला, गरम.

जनाबाईने ती मऊ राख पदराच्या टोकाला गाठ मारून घेतली. घरच्या नागलीच्या बियाण्याला लावणार होती.

दिंडोरीच्या स्टँडवर मी उतरले. माझ्या वहीत अजून एक प्रश्न होता, तो न विचारता मला नाशिकला जाता आलं नसतं. "हिराबाई, उद्या कारखान्याची मागणी वाढली, घाणेरी संपली आणि कुणी म्हणालं, आता कोयता सोडा, कुऱ्हाड घ्या, तर?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. त्यांचा हा विचार आधीच झालेला होता. "तवा तुला फोन करीन. तवा तुजा कागद लागंल. पन आदी येऊन बघ, मग लिव."

बस नाशिककडे निघाली तेव्हा द्राक्षबागांवर ऊन उतरत होतं. प्रत्येक बागेत वाकलेली माणसं होती, कुठल्या ना कुठल्या पाड्यातून आलेली. एका वस्तीचं एका हंगामाचं जाणं थांबलं, म्हणून बाकीच्यांचं थांबत नाही. माझा राग काही संपलेला नाही, आणि तो संपावा असं मला वाटतही नाही. फक्त तो कुठे टाकायचा, हे आधी झाडून, पाखडून बघायला हवं. माझ्याही हाताला पिढीजात वळण आहे. ढीग दिसला की मूठ भरते.

घरी वडिलांनी पिशवी उचलून पाहिली. "हलकी झाली. वाटलीस सगळी?"

"एक जाळली," मी म्हणाले आणि हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "पहिल्याच काडीला पेटलं?"

"पहिल्याच."

"मग मजकूर ठीक असेल," ते म्हणाले. "उरलेल्यांचं काय केलंस?"

उरलेल्या एकोणचाळीस प्रती मी स्टँडवर हिराबाईंकडे दिल्या होत्या, मजकुरावर एकेक आडवी रेघ मारून. सुनंदाला गणितं सोडवायला कागद हवेच होते, आणि पाठी कोऱ्या होत्या.